चार मुठी

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान होतं. पाटीवर 'हार्डवेअर', गावाच्या तोंडी 'लोखंडाचं दुकान'. मे महिन्याच्या सुट्टीत आप्पा मला गल्ल्यापासून लांब, मागच्या बाजूला खिळ्यांच्या पोत्यांपाशी उभं करायचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा असेन. एक दिवस ढेबेवाडीकडचा एक म्हातारा आला आणि म्हणाला, "पावशेर चुका द्या." ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, चूक म्हणजे बारीक खिळा. आप्पांचा यावर ठरलेला जोक होता: "चुका फुकट न्या की पाव्हणं, ह्या पोरानं केलेल्या पोतंभर पडल्यात." मी चुका जोखल्या, पुडी बांधायला घेतली, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "आन् चार मुठी द्या."

मी पुडी सोडली आणि पोत्यातनं चुकांच्या चार मुठी मोजून कागदावर टाकल्या. हाताला दोन चुका टोचल्या त्या वेगळ्याच.

"आरं, काय करतूस?"

"चार मुठी."

"खुरप्याच्या मुठी रं बाबा! लाकडाच्या!"

दुकानातली माणसं पोट धरून हसली. पुढं महिनाभर आप्पा हा किस्सा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. म्हाताऱ्याचा आवाज काढायचे, माझा काढायचे, मूठ भरताना मी जीभ बाहेर काढली होती ती पण काढून दाखवायचे. शटर ओढलं की मात्र सगळं बंद. घरी आले की आप्पा पाटावर बसून मान खाली घालून जेवायचे. आई म्हणायची, "दुकानातला माणूस दुकानातच ठेवून येतात हे."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. तो इंग्लंडात स्लाउला असतो. गेल्या दिवाळीत त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुझीच गोष्ट चोरलीय यांनी."

हार्डवेअरचं दुकान. काउंटरमागं एक बुटका दुकानदार. समोर टोपी घातलेला, जाड, मख्ख चेहऱ्याचा गिऱ्हाईक. तो म्हणतो, "फोर कँडल्स." दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो. गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघतो. नको म्हणतो. पुन्हा तेच म्हणतो. दुकानदार म्हणतो, अरे बाबा, या काय चार मेणबत्त्याच आहेत ना! तेव्हा कळतं की त्याला 'फोर्क हँडल्स' हवेत, म्हणजे बागेतल्या काटेरी फावड्याचे दांडे. हा गडी 'ह' खातो. 'हँडल'चं 'अँडल' झालं, आणि 'फोर्क अँडल्स'चं 'फोर कँडल्स'.

मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो. पन्नास वर्षांपूर्वीची माझी ती चार मुठींची पुडी बीबीसीवर!

हे स्किट ४ सप्टेंबर १९७६ ला पहिल्यांदा दाखवलं गेलं. कार्यक्रम 'द टू रॉनीज'. बुटका दुकानदार रॉनी कॉर्बेट, जाडा गिऱ्हाईक रॉनी बार्कर. लिहिलेलंही बार्करनंच. आणि खरी गंमत पुढं आहे. लंडनच्या पश्चिमेला हेझ नावाचं गाव आहे, भाच्याच्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या एका हार्डवेअर दुकानवाल्यांनी आपल्या दुकानात असे घोळ होतात असं बार्करला कळवलं होतं, त्यावरनं हे सुचलं. म्हणजे माल शेवटी दुकानातलाच. बार्करनं हातानं लिहिलेली ती संहिता २००७ साली लिलावात ४८,५०० पौंडांना गेली. आमच्या आख्ख्या दुकानाची किंमत आली नव्हती एवढी.

तेव्हापासून गेले सहा-सात महिने मी या बार्करच्या मागं लागलोय. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?

रॉनी बार्कर १९२९ सालचा, जन्म बेडफर्डचा, वाढला ऑक्सफर्डमध्ये. वडील एका तेल कंपनीत कारकून. थोडे दिवस आर्किटेक्चर शिकला, ते सोडलं आणि वेस्टमिन्स्टर बँकेत कारकून म्हणून चिकटला. इथं मला एकदम जवळचा वाटायला लागला, कारण मीही बँकेतला. फरक एवढाच की त्यानं दोनेक वर्षांच्या आत राजीनामा दिला आणि मी तेहेतीस वर्षं काढली. दिवसा लेजर, संध्याकाळी हौशी नाटक, हे मात्र दोघांचंही सेम. १९४८ च्या नोव्हेंबरात तो एल्सबरीच्या एका रेपर्टरी कंपनीत शिरला, पगार आठवड्याला अडीच पौंड. रेपर्टरी म्हणजे आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखंच प्रकरण. आज एक नाटक चालू, उद्याच्याची तालीम, पडदा ओढायचा, खिळे ठोकायचे, पडेल ती भूमिका करायची. आज म्हातारा, पुढच्या आठवड्यात शोफर. नायक होण्यासारखं ध्यान नव्हतंच, त्यामुळं सगळी चित्रविचित्र माणसं याच्या वाट्याला. त्याची शाळा तीच.

मधे काही दिवस काम नव्हतं तेव्हा त्यानं ऑक्सफर्डच्या विंगफील्ड हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयसारखी नोकरी केली. पोलिओचे पेशंट होते तिथं. ते बघून त्याला सहन होईना. तर या पठ्ठ्यानं काय करावं? रॉनी म्हणून वॉर्डात शिरायचंच नाही असं ठरवलं. 'चार्ली' नावाचा एक माणूस तयार केला आणि चार्ली म्हणून कामावर जायला लागला. चार्ली पेशंटांना हसवायचा. रॉनी बाहेर थांबायचा.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

कारण मलाही हे माहीत आहे. आमच्या बँकेच्या गॅदरिंगला मी दरवर्षी प्रहसन करायचो. रिकव्हरीला गेलेला इन्स्पेक्टर, कर्ज मागायला आलेला पैलवान, बहिरा पेन्शनर. पेन्शनर तर इतका गाजला की बदली होऊन गेलो त्या शाखेतही लोक "पेन्शनर आले" म्हणायचे. मग एका वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं की तुम्ही एवढं छान बोलता, तर यंदा सूत्रसंचालन तुम्ही करा. सफारी घातला, माइकसमोर उभा राहिलो. "नमस्कार, मी..." आणि पुढं काही नाही. घशाला कोरड. कागद हातात, अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. समोर चारशे माणसं, त्यात बायको पहिल्या रांगेत. शेवटी मी पाठ वाकवली, हात कानाला लावला आणि पेन्शनरच्या आवाजात विचारलं, "काय म्हणालात? कार्यक्रम सुरू करू?" हशा पडला, घसा मोकळा झाला, आणि आख्खा कार्यक्रम मी पेन्शनर म्हणून रेटला. लोकांना वाटलं ठरवून केलं. बायकोला कळलं होतं.

बार्करचं आयुष्यभर हेच. 'टू रॉनीज'मध्ये कॉर्बेट एका मोठ्या खुर्चीत बसून, पाय जमिनीला टेकत नाहीत अशा अवस्थेत, प्रेक्षकांशी थेट गप्पा मारायचा, स्वतः कॉर्बेट म्हणून. बार्करनं असलं कधी केलं नाही. त्याला मिशी लागायची, टोपी लागायची, पोटावर उशी लागायची, नाहीतर किमान एखाद्या संस्थेचं अध्यक्षपद तरी. कॅमेऱ्याकडं बघून भाषण तो करायचा, पण कुणीतरी होऊन. त्यातला एक इसम शब्दांचे उच्चार नीट न येणाऱ्यांच्या संस्थेतर्फे आवाहन करायला येतो आणि आवाहनातला एकही शब्द धड उच्चारत नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोघं टेबलामागं बसून खोट्या बातम्या सांगायचे, तेही बातमीदार म्हणून. आपल्याकडं दिलीप प्रभावळकरांना 'हसवा फसवी'त सहा माणसं होताना ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. रंगरंगोटी म्हणजे या लोकांचं पांघरूण असतं.

कॉर्बेटची आणि त्याची जोडी जमली ती १९६६ च्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'मध्ये. त्यातलं एक स्किट भाच्यानं पाठवलं नव्हतं, मीच शोधलं. तीन माणसं उंचीप्रमाणं ओळीनं उभी. डावीकडं जॉन क्लीज, सहा फूट पाच इंच, वरच्या वर्गाचा. मधे बार्कर, मध्यमवर्गीय. शेवटी कॉर्बेट, जेमतेम पाच फूट एक इंच, कामगार. वरचा दोघांकडं खाली बघतो. बार्कर एकाकडं मान वर करून बघतो, दुसऱ्याकडं मान खाली करून. आणि कॉर्बेटचं म्हणणं एवढंच की मला माझी जागा माहीत आहे. स्किट लिहिलं दुसऱ्यांनी, पण मधल्या माणसाचा चेहरा बघा. कोण म्हणेल हा साहेब? कोण म्हणेल हा शिपाई? मॅनेजर आणि शिपाई यांच्या मधल्या टेबलावर तेहेतीस वर्षं बसलेला माणूस सांगतोय, मान अशीच फिरते.

आता जेराल्ड वायली.

हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. १९६८ च्या सुमाराला बार्कर आणि कॉर्बेट 'फ्रॉस्ट ऑन संडे' करत होते. बार्करला स्वतः लिहायचं होतं. पण कार्यक्रमातला मुख्य नट स्किट लिहून आणतो म्हटल्यावर वाईट आहे असं तोंडावर कोण सांगणार? लोक भिडेखातर घेणार. म्हणून त्यानं आपल्या एजंटमार्फत जेराल्ड वायली या नावानं स्किटं पाठवायला सुरुवात केली. वायलीसाहेब एकलकोंडे आहेत, कुणाला भेटत नाहीत. स्किटं पसंत पडत गेली. मग युनिटमध्ये चर्चा सुरू: हा वायली नक्की कोण? कुणी म्हणे टोपणनावानं एखादा मोठा नाटककार लिहितोय, टॉम स्टॉपार्डसुद्धा असेल. आणि बार्कर तालमीत वायलीच्या ओळी वाचताना नाक मुरडायचा, हे काही खास नाही म्हणायचा. स्वतःच्याच पोराला चारचौघांत रागवावं तसं.

एकदा कॉर्बेटला वायलीचं एक स्किट फार आवडलं, डॉक्टरच्या वेटिंग रूमचं. त्यानं हक्क विकत मागितले. एजंटनं तीन हजार पौंड सांगितले. कॉर्बेट म्हणाला, फार होतात. मग वायलीनं ते फुकटच देऊन टाकलं. कॉर्बेटनं उपकाराची फेड म्हणून काचेचे उत्तम सहा पेले घेतले, त्यांवर वायलीची आद्याक्षरं कोरून घेतली आणि पाठवून दिले. म्हणजे रोज शेजारी उभा राहून काम करणारा मित्र, आणि त्याला भेट पाठवतोय दुसऱ्याच माणसाच्या नावानं. शेवटी वायलीनं सगळ्यांना स्टुडिओसमोरच्या एका चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. सगळे दाराकडं डोळे लावून बसलेत. आणि बार्कर उठून म्हणतो, मीच तो. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही.

आमच्या बँकेत निनावी अर्ज करणारे बरेच बघितले, पण ते वेगळ्या कारणासाठी.

'टू रॉनीज' १९७१ ला सुरू झालं आणि १९८७ पर्यंत चाललं. त्यातलं पुष्कळसं बार्करनं लिहिलं, बऱ्याचदा वायली हेच नाव लावून. सगळंच आज बघवत नाही, हेही सांगून टाकतो. कमी कपड्यातल्या बायकांवरचे विनोद येतात तेव्हा मी पुढं ढकलतो, सूनबाई शेजारी नसली तरी. एकदा तरुण पोरांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमानं या दोघांची नक्कल करून याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं, आणि बार्करला ते फार लागलं होतं. लागण्यासारखंच होतं, कारण पोरांचं चुकत नव्हतं.

पण त्याची शब्दांची करामत अजून ताजी आहे. ती बघताना मला कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा आठवतो. आप्पा मला यात्रेत खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. तमाशातली बतावणी म्हणजे तरी काय? सरदार एक बोलतो, सोंगाड्या दुसरंच ऐकतो. सरदारानं चिडायचं, सोंगाड्यानं चिडायचं नाही. हा नियम बार्करनं बरोबर पाळलाय. 'फोर कँडल्स'मध्ये तो एकदाही हसत नाही, आपण विनोदी बोलतोय याची गिऱ्हाइकाला कल्पनाच नसते. तो फक्त यादी घेऊन आलाय. शब्द त्याचे, पण हशा सगळा कॉर्बेटच्या चेहऱ्यावर. लिहिणाऱ्यानं स्वतःकडं मख्ख काम घेतलं आणि चिडायचं रसाळ काम मित्राला दिलं. आमच्या गॅदरिंगमध्ये असं एकदाही झालं नाही.

दोन मालिकांचा उल्लेख करायलाच हवा. 'पॉरिज'मध्ये तो तुरुंगातला मुरलेला कैदी झाला, फ्लेचर. इंग्लंडात त्याचं हे काम सगळ्यात वर मानतात, आणि एल्सबरीत त्याचा पुतळा उभा आहे तो फ्लेचरच्या वेशातला. माझं मन मात्र 'ओपन ऑल अवर्स'मध्ये अडकतं. त्यात तो किराणा दुकानदार आहे, आर्कराइट. कंजूष, तोतरा, आणि त्याचा गल्ला असा की ड्रॉवर खाडकन मिटतो, बोटं अडकतील या भीतीनं तो स्वतः दचकून हात मागं घेतो. तोतरेपणा मूळ लिखाणात नव्हता, बार्करनं आणला. रेपर्टरीच्या दिवसांतल्या एका जुन्या नटाकडनं तो हे शिकला होता. आज कुणी तोतरेपणावर विनोद करू नये, खरंय. पण आर्कराइट दुकान बंद करताना दिवसभराचा हिशेब मनाशी बोलतो ना, ते बघताना मी आमचं दुकान बघत असतो. रस्त्यावर मांडलेली घमेली, बादल्या आत घ्यायच्या, दांड्यांचा गठ्ठा साखळीनं बांधायचा, आल्ड्रॉप सारायचा.

१९८७ च्या शेवटी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यानं काम थांबवलं. कार्यक्रम जोरात होता. त्याचं म्हणणं साधं होतं, डोक्यातलं नवीन संपलं. तब्येतही सांगत होती. पीटर हॉलसारख्या दिग्दर्शकानं शेक्सपिअरच्या फॉलस्टाफसाठी विचारलं, तेही नाही म्हणाला. आणि केलं काय? दुकान काढलं! चिपिंग नॉर्टन नावाच्या छोट्या गावात जुन्या वस्तूंचं दुकान, 'द एम्पोरियम'. नवराबायको मिळून सुमारे दहा वर्षं चालवलं. धंदा बेताचाच, कारण वस्तू घ्यायला कमी आणि माणूस बघायला जास्त लोक यायचे. मला विचाराल तर काउंटरमागं उभं राहायला मिळालं की झालं, या जातीच्या माणसांना बाकी काही नको असतं.

२००५ च्या ऑक्टोबरात तो गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मरणार्थ प्रार्थना झाली. तिथं मिरवणुकीच्या पुढं दोन मेणबत्त्या नेतात. त्या दिवशी चार नेल्या. भाच्यानं त्याचाही फोटो पाठवला. 'ह' खाल्ला होता एका खोट्या गिऱ्हाइकानं, आणि त्याचा हिशेब धर्मगुरूंनी चुकता केला. कॉर्बेट २०१६ ला गेला, त्याच्याही वेळेला चार मेणबत्त्या लावल्या होत्या.

आप्पा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. दुकान विकून बारा वर्षं झाली, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. परवा त्यांना हे स्किट दाखवायचं ठरवलं. मोबाईल टीव्हीला जोडला, आवाज मोठा केला. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून मी मधे मधे थांबवून सांगत होतो. मेणबत्त्या झाल्या, दांडे झाले. मग गिऱ्हाईक 'ओज' मागतो. दुकानदार आधी 'हो' म्हणजे कुदळीसारखं अवजार आणतो, मग 'होज' म्हणजे पाण्याची नळी आणतो. त्याला हवं असतं इंग्रजी 'ओ' अक्षर, फाटकावर लावायला. दुकानदार वरच्या फळीवरनं अक्षरांचा खोका काढतो, अक्षरं देतो, खोका परत वर ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतो, "पीज." दुकानदार पुन्हा वर. पुन्हा खोका खाली. आणि याला हवे असतात मटारचे डबे.

मी हसून डोळे पुसत होतो. आप्पा हसत नव्हते. एकटक बघत होते.

"यादी हातात हाय त्याच्या," आप्पा म्हणाले.

"हो."

"मग दुकानदारानं आधी यादी बघायला नको? मी कधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर माल काढला न्हाई. कागुद दे म्हणायचं."

शेवटी कॉर्बेट खरंच यादी हिसकावून घेतो, वाचतो आणि वैतागून निघून जातो, आतनं दुसरा माणूस बोलावतो. आप्पांनी मान हलवली, बरोबर केलं अशी. मी विचारलं, "आप्पा, चार मुठी आठवतात का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उजवा हात पुढं केला, हवेतल्या पोत्यात घातला, जीभ जराशी बाहेर काढली आणि मोजून मूठ भरली. एक. दोन. आईच्या माघारी घरात हा आवाज पहिल्यांदा ऐकला: "आरं, काय करतूस?"

स्किट संपलं होतं, पडद्यावर नावं जात होती. आप्पा परत टीव्हीकडं वळले.

"मेणबत्त्या, दांडे, नळी, डबे... एवढं सगळं काउंटरवर काढून ठेवलं," ते म्हणाले. "पैसे कुणी घेतले?"